शाळा अंगणात येते तेव्हा
महाराष्ट्रातील बालवाडीच्या शतकाचा मागोवा

आपल्या शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे संपादक मंडळाचे पत्र हाती पडले तेव्हा मी चंडीगडच्या सेक्टर ३४ मध्ये, मुलाच्या घराच्या गच्चीत बसले होते. शाळेच्या आरंभीच्या तुकड्यांपैकी एकीची मी विद्यार्थिनी. त्यामुळे आठवणी पुष्कळ आहेत. परंतु आठवणींचे लेख या अंकात अनेक असतील. म्हणून ज्या पायरीवरून आपण सारे शाळेत शिरलो, त्या बालवाडीचा इतिहास लिहावा असे मनात आले. निमित्त मात्र चंडीगडचेच घडले.

ल कॉर्बुझिए यांनी १९५१ पासून आखलेले हे शहर. साधारण आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब असा एक सेक्टर, त्यातून जाणारा हिरवा पट्टा आणि त्या पट्ट्यात शिशुशाळा व शाळा, अशी मूळ कल्पना. वेगाने वाहने धावणारा रस्ता ओलांडावा न लागता लहान मूल पायी शाळेत पोहोचावे, हा विचार नकाशातच करून ठेवलेला. आमचा सेक्टर ३४ हा शहराच्या दुसऱ्या टप्प्यातला. माझी तीन वर्षांची नात रोज सकाळी गणवेश घालून जवळच्याच खासगी ‘प्री-नर्सरी’त जाते. आमच्यापासून जवळच सेक्टर ४५ आणि त्याच्या पोटात बुडैल हे जुने गाव. शहर आखले गेले तरी हे गाव जागच्या जागी राहिले. आता तिथे एकास एक चिकटलेल्या इमारतींत बाहेरून आलेली कष्टकरी कुटुंबे दाटीने राहतात. घरकामाला येणाऱ्या बाई तिथल्याच. त्या मूळच्या उत्तर प्रदेशातल्या. त्यांचा मुलगा माझ्या नातीएवढाच. तो कुठे जातो, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, ‘आंगनवाडी’.

घरापासून दीड हजार किलोमीटरवर, हिंदी बोलणाऱ्या स्त्रीच्या तोंडी हा शब्द ऐकून मी क्षणभर थबकले. अंगण आणि वाडी! जवळपास साऱ्या देशाच्या सरकारी कागदपत्रांत रुळलेल्या या शब्दाची घडण आपल्याकडची आहे, डहाणू तालुक्यातल्या एका समुद्रकाठच्या गावातली आहे, हे त्या बाईंना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपल्यापैकी तरी कितीजणांना ते ठाऊक आहे?

भावनगर, दादर आणि मध्यमवर्गाची मुले

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वेगळी शाळा असावी, ही कल्पना जर्मनीत फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये प्रत्यक्षात आणली. मारिया मॉंटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. कामावर गेलेल्या आईबापांची मुले दिवसभर जिन्यांवरून हुंदडत असत. त्यांच्यासाठी ते होते. ही पद्धत पुढे जगभर श्रीमंतांची म्हणून ओळखली गेली. तिचा जन्म मात्र मजुरांच्या चाळीत झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आपल्याकडे या विचाराचे बीज भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत रुजले. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेले गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये तिथे बालमंदिर सुरू केले. मुलांना न मारता, न दरडावता, गोष्टी, गाणी, बागकाम आणि हाताच्या कामांतून शिकवणाऱ्या या गृहस्थांना गुजरातने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, अशी पदवी दिली. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या, पदवीधर झालेल्या, राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदी राहिलेल्या ताराबाईंनी मानाची जागा सोडून लहान मुलांची शिक्षिका होणे पसंत केले. त्या काळी ही गोष्ट अनेकांना वेडगळपणाची वाटली असणार. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकातून पालकांशी आणि शिक्षकांशी बोलणे सुरू झाले. ताराबाईंनी ते मराठीतही आणले.

पुढे ताराबाई मुंबईला आल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. मराठी मध्यमवर्गाला बालशिक्षणाची गोडी लागली ती इथून. पुण्यामुंबईत, नाशिक-नागपुरात पुढच्या दोन-तीन दशकांत निघालेल्या असंख्य बालमंदिरांच्या मुळाशी हीच प्रेरणा आहे. आपल्या शाळेची बालवाडी हीदेखील त्याच वंशातली.

पण ताराबाईंना एक गोष्ट टोचत होती. मॉंटेसरीची साधने महाग होती. लाकडी मनोरे, रंगीत पट्ट्या, घासून गुळगुळीत केलेले ठोकळे ज्या संस्थेला परवडतील, तिथेच ही पद्धत चालणार. फी देऊ शकणाऱ्या आईबापांचीच मुले तिथे येणार. महात्मा गांधी १९३१ मध्ये लंडनला गेले असता मॉंटेसरी यांच्या प्रशिक्षण संस्थेत बोलले, तेव्हा त्यांच्याही बोलण्याचा रोख हाच होता : हे सुंदर आहे, पण भारताच्या खेड्यांतील कोट्यवधी मुलांपर्यंत ते कसे पोहोचणार? पुढे नयी तालीमच्या विचारातही सात वर्षांखालील मुलांसाठी ‘पूर्व-बुनियादी’ शिक्षणाचा टप्पा धरला गेला आणि सेवाग्रामला त्याचे प्रयोग झाले. ताराबाईंनी या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मुंबई सोडली.

बोर्डी, १९४५

१९४५ च्या अखेरीस बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. आज ते पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यात मोडते. ताराबाईंच्या सोबतीला अनुताई वाघ होत्या. १९१० साली मोरगावला जन्मलेल्या अनुताईंच्या वाट्याला बालपणीच विवाह आणि पाठोपाठ वैधव्य आले होते. त्यांनी शिक्षिकेचे काम पत्करले, पुण्यात हुजूरपागेत शिकवीत असताना रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक केले आणि पुण्यातली स्थिर नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या. त्यानंतर १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत जवळजवळ अर्धे शतक त्या याच परिसरात राहिल्या.

ते वर्षही साधे नव्हते. त्याच १९४५ मध्ये डहाणू, उंबरगाव भागातील वारली आदिवासी शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही जमीनदाराचे ‘लग्नगडी’ होऊन पिढ्यान्‌पिढ्या राबत, अशी तिथली रीत. मूल चालू लागले की जमीनदाराची गुरे राखायला लागे. अशा मुलखात तीन वर्षांच्या मुलाच्या शिक्षणाविषयी बोलायचे होते.

सुरुवातीला काय झाले, ते या कामाचे वृत्तांत सांगतात. केंद्र उघडले, जागा सारवली, साधने मांडली. गावातली बऱ्या घरची मुले आली. हरिजनवस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची मुले मात्र आली नाहीत. कुणाला धाकटे भावंड सांभाळायचे होते, कुणाला गुरे राखायची होती, कुणाला अंगावर घालायला काही नव्हते. बोलावून, समजावून फारसा उपयोग होईना. तेव्हा ताराबाईंनी गणित उलटे केले. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. शिक्षिका सामानाची पेटी घेऊन वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घराचे अंगण झाडून घ्यायचे, आजूबाजूची मुले गोळा करायची, हातपाय धुवायचे, नखे कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. गावाच्या मध्यभागी भरणारी ती मध्यवर्ती बालवाडी आणि वस्तीच्या अंगणात भरणारी ती अंगणवाडी, असे दोन प्रकार त्यातून आकाराला आले.

साधनांचा प्रश्नही तिथेच सुटला. शिंपले, चिंचोके, सागरगोटे, पाने, फुले, गारगोट्या, नारळाच्या करवंट्या यांनी लाकडी ठोकळ्यांची जागा घेतली. लहानमोठे, हलकेजड, खरखरीत-गुळगुळीत हे सारे त्यांतून शिकवता येई. मोजणी शिकायला चिंचोक्यापेक्षा सोपे काय असणार! विकत आणावे लागत नव्हते, म्हणून हरवले तर कुणी रागवत नव्हते, आणि घरी गेल्यावर तोच खेळ पुन्हा मांडता येत होता.

१९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे विकासवाडी हा प्रयोग बहरला. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. यामागचे कारण अगदी व्यावहारिक होते. मोठी बहीण शाळेत येत नसे, कारण तिच्या कडेवर तान्हे भाऊ असे. तान्ह्याला पाळणाघरात ठेवले की मधले भावंड बालवाडीत बसे आणि बहीण शाळेत. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली गेली आणि ‘कुरणशाळा’ हा शब्द मराठीला मिळाला. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. आज त्या टेकडीची आठवण काढताना किताबांपेक्षा त्या कडेवरच्या तान्ह्याचा विचार मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मोठ्या मुलीच्या गैरहजेरीचे कारण तिच्या धाकट्या भावात शोधणारी दृष्टी त्यामागे होती.

सरकारचा आखडता हात

हे काम ज्यांनी केले त्या स्वयंसेवी संस्था होत्या. शासन काय करीत होते? १९४४ च्या सार्जंट अहवालाने दहा लाख मुलांसाठी मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय सुचवली होती. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदात, चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील, असे लिहिले गेले. त्यात वयाची वरची मर्यादा आहे, खालची नाही. म्हणजे तीन वर्षांचे मूलही त्या वाक्यात बसत होते. व्यवहारात मात्र शिक्षण सुरू झाले ते सहाव्या वर्षापासून, पहिलीच्या वर्गापासून.

१९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या मदतीने अनेक ठिकाणी बालवाड्या निघाल्या. पण लक्षात घ्या, ही मदत ‘कल्याण’ या खात्यातून आली, शिक्षण खात्यातून नव्हे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) बालशिक्षणाचे महत्त्व मान्य केले, परंतु बालवाड्या चालवण्याचे काम मुख्यतः खासगी प्रयत्नांवर सोपवून राज्याने अनुदानाचे साहाय्य करावे, अशी भूमिका घेतली. पैसा तोकडा होता आणि प्राथमिक शाळाच पुरेशा नव्हत्या. त्यामुळे या निर्णयाला कारणे होती. परिणाम मात्र असा झाला की ज्यांच्या गावात किंवा गल्लीत एखादी ताराबाई, अनुताई किंवा एखादी धडपडी संस्था होती, त्यांना बालवाडी मिळाली. इतरांना नाही.

याच सुमारास जगात अन्यत्र काय घडत होते, तेही पाहण्यासारखे आहे. फ्रान्समध्ये १८८१ पासूनच लहान मुलांची ‘मातृशाळा’ सार्वजनिक शिक्षणाचा मोफत भाग होती. २०१९ मध्ये तिथे तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचे झाले. अमेरिकेत १९६२ मध्ये मिशिगन राज्यातील एका गावात १२३ गरीब मुलांवर पेरी प्रीस्कूलचा प्रयोग सुरू झाला. त्यांतील ५८ मुलांना उत्तम बालशाळा मिळाली, उरलेल्यांना नाही. आणि त्या सर्वांचा माग पुढे चाळिशीपर्यंत घेतला गेला. बालशाळेत गेलेल्यांचे शिक्षण अधिक झाले, कमाई अधिक झाली, गुन्हे कमी घडले. हा प्रयोग लहान होता, त्यामुळे त्याच्या आकड्यांवर फार मोठा मनोरा रचू नये. पण त्याचा एक तपशील आपल्याकडे सहसा सांगितला जात नाही : तिथल्या शिक्षिका पूर्ण प्रशिक्षित होत्या, प्रत्येकीकडे मोजकी मुले होती आणि त्या दर आठवड्याला मुलांच्या घरी जाऊन आईशी बोलत. घरी जाणे! बोर्डीच्या अंगणात सतरा वर्षे आधीपासून तेच चालू होते.

२ ऑक्टोबर १९७५

१९७२ मध्ये मीना स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने शाळापूर्व वयाच्या मुलांच्या विकासाविषयी अहवाल दिला. आहार, आरोग्य आणि शिक्षण यांचा एकत्र विचार व्हावा, हे त्याचे सूत्र होते. १९७४ मध्ये राष्ट्रीय बालधोरण आले आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. ताराबाई १९७३ मध्येच निवर्तल्या होत्या; आपला शब्द देशभर गेलेला त्यांनी पाहिला नाही.

अंगणवाडीकडे सहा कामे सोपवली गेली : पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास रुग्णालयाकडे पाठवणे, मातांना आहार-आरोग्याचे शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. कुपोषणाने मुले दगावत असलेल्या देशात आहार आधी येणे स्वाभाविकच होते. भुकेल्या मुलाला गाणे शिकवता येत नाही. परंतु एक सेविका आणि एक मदतनीस, एक खोली, कधी तीही भाड्याची, आणि भरायच्या नोंदवह्यांची चळत, अशा स्थितीत शिक्षणाचा क्रमांक बहुधा शेवटचा लागे. खिचडी शिजली, वजने झाली, पत्रके भरली की दिवस संपे.

हे असूनही योजना वाढली ती लोकांच्या आणि न्यायालयाच्या रेट्याने. अन्नाच्या अधिकारासाठी २००१ मध्ये दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी आदेश दिले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात देशातील अंगणवाड्यांची संख्या १४ लाखांपर्यंत नेण्यास सांगितले. शिवाय ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यास तीन महिन्यांत ती द्यावी, असेही म्हटले. आज महाराष्ट्रात एक लाख दहा हजारांच्या आसपास अंगणवाड्या आहेत. संख्येच्या दृष्टीने ताराबाईंचे अंगण घरोघरी पोहोचले, असे म्हणता येईल.

शहरांतील वस्त्यांत अंगणवाडीही जिथे अपुरी पडली, तिथे पुन्हा लोकांनीच वाट काढली. १९९५ च्या सुमारास मुंबईत ‘प्रथम’ संस्थेने झोपडपट्ट्यांत बालवाड्या सुरू केल्या. स्वतंत्र इमारतीची वाट न पाहता कुणाच्या घरात, देवळात, मंडळाच्या खोलीत वर्ग भरला आणि वस्तीतल्याच शिकलेल्या मुली शिक्षिका झाल्या. पन्नास वर्षांनंतर मुंबईत बोर्डीचीच युक्ती नव्याने वापरली गेली.

अंगणवाडी चालवणाऱ्या स्त्रीला मात्र आपण काय दिले? ती ‘कर्मचारी’ नाही, ‘मानसेवी’ आहे, असे सांगून तिला वेतनाऐवजी मानधन दिले गेले. २०१८ मध्ये केंद्राने ठरवलेले मानधन वाढवले गेले ते सेविकेला दरमहा ४,५०० रुपयांपर्यंत. राज्ये आपली भर त्यात घालतात. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र असल्याचा निर्णय दिला. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांना संपावर जावे लागले. दारावर कुलूप पाहून परत फिरणारी मुले त्या दिवसांत अनेकांनी पाहिली. कुलूप लावणारीचे घर कसे चालते, हे फार थोड्यांनी विचारले.

कायद्यातील एक शब्द

१९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क मान्य केला. तेव्हाही खालची मर्यादा नव्हती. पुढे २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली. तिने शिक्षण हा मूलभूत हक्क केला, ही फार मोठी गोष्ट. पण तो सहा ते चौदा या वयाचा. सहा वर्षांखालील मुले ४५ व्या अनुच्छेदातच राहिली आणि त्यांच्यासाठी राज्य ‘प्रयत्न करील’ एवढेच म्हटले गेले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या ११ व्या कलमानुसार तीन वर्षांवरील बालकांसाठी शासन मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था ‘करू शकेल’. ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांतले अंतर व्याकरणाच्या पुस्तकात लहान दिसते. तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत त्याची लांबी त्याच्या बालपणाएवढी आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला आणि २०३० पर्यंत सर्व मुलांना दर्जेदार बालशिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले. महाराष्ट्रात अंगणवाडीसाठी ‘आकार’ हा अभ्यासक्रम आला. ‘बालवाटिका’ हा शब्दही आता कानांवर येतो. दिशा योग्य आहे. परंतु धोरण म्हणजे हक्क नव्हे, आणि खालचे ते क्रियापद अजून बदललेले नाही.

आपल्या शाळेची बालवाडी

आता घरचे बोलते. अनुदानित मराठी शाळांत अनुदान सुरू होते ते पहिलीपासून. बालवाडी ही सर्वत्र संस्थेने, फीच्या आणि देणग्यांच्या जोरावर चालवायची. आपल्याकडेही तेच होते आणि आहे. आमच्या बालवाडीच्या बाई सडपातळ, नऊवारीतल्या. त्यांच्या टेबलावर चिंचोक्यांची बरणी असे. त्या चिंचोक्यांचे गाव बोर्डी होते, हे मला पुढे चाळीस वर्षांनी कळले.

त्या वर्षी शाळेजवळच्या रस्त्याचे काम चालू होते. खडी फोडणाऱ्यांपैकी एका कुटुंबातली मुलगी आमच्या खिडकीशी येऊन उभी राही. बाईंनी तिला आत घेतले, आमच्यात बसवले, चिंचोके दिले. पुढे काही आठवड्यांनी ती येईनाशी झाली. हजेरीपटावर तिचे नाव नव्हते, फी भरलेली नव्हती आणि ‘एकीला घेतले तर सगळ्यांना घ्यावे लागेल’ असा निर्णय झाला, हे मोठेपणी मला बाईंकडूनच समजले. दोन वर्षांनी तीच मुलगी पहिलीत आमच्या वर्गात आली. तिथे फी नव्हती. पण आम्हाला अक्षरे, गाणी, रांगेत बसणे, बाईंना प्रश्न विचारणे हे सारे येत होते. तिला यातले काही येत नव्हते. ती मागच्या बाकावर गप्प बसे. दुसरीत ती नव्हती. तिचे नाव मला आठवत नाही, याची मला आज लाज वाटते.

त्या निर्णयाबद्दल मी कुणाला दोष देत नाही. संस्थेपाशी पैसा नव्हता. बाईंचा पगारही तुटपुंजाच होता. मात्र पहिलीचा दरवाजा सर्वांना उघडा आणि बालवाडीचा फक्त काहींना, या एका गोष्टीने दोन मुलींचे आयुष्य शाळा सुरू होण्यापूर्वीच वेगळे झाले. ताराबाईंनी १९४५ मध्ये जी अडचण ओळखली होती, ती आमच्या खिडकीशी उभी होती.

आज चित्र उलटले आहे. फी भरू शकणारे पालक तिसऱ्या वर्षीच मुलांना इंग्रजी नर्सरीत घालतात आणि ती मुले पहिलीत मराठी शाळेकडे वळत नाहीत. मराठी शाळांची पटसंख्या पहिलीत कमी झाली असे आपण म्हणतो. खरे तर ती बालवाडीतच निघून गेलेली असते. सरकारने पैसा द्यायला सुरुवात करण्याच्या तीन वर्षे आधीच पालकांचा निर्णय झालेला असतो. मीही वेगळी नाही. माझी नात सेक्टर ३४ मध्ये इंग्रजी कविता पाठ करते आणि मी तिला रात्री मराठी गोष्ट सांगून स्वतःचे समाधान करून घेते. इथे मराठी शाळा नाही, हे कारण खरे आहे. आपल्या गावी असते तर मी काय केले असते, हे मात्र मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

साठाव्या वर्षी

हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थ्यांकडे निधीसाठी विनंती झाली आहे. सभागृह, संगणक कक्ष, प्रवेशद्वार अशा सूचना आल्याचे कळते. त्या सर्व चांगल्या आहेत. माझी नम्र सूचना अशी की या निधीतला एक ठरावीक भाग बालवाडीसाठी राखून ठेवावा आणि त्यातून दोन गोष्टी कराव्यात. पहिली, बालवाडीच्या बाईंना प्राथमिक शिक्षिकेच्या जवळ जाणारे वेतन मिळावे. चांगले शिकवणे चांगल्या माणसांकडून होते आणि त्यांना घर चालवावे लागते. दुसरी, परिसरातील कोणत्याही मुलाला फी नाही म्हणून खिडकीबाहेर उभे राहावे लागू नये. तिसरी गोष्ट पैशाविना होण्यासारखी आहे. शाळेच्या आसपासच्या अंगणवाड्यांतील सेविकांना आपल्या बालवाडीच्या बाईंनी महिन्यातून एकदा बोलवावे, एकमेकींचे काम पाहावे, आणि त्या अंगणवाड्यांतील मुले पहिलीत येताना या आवारात आधीच दोन-चार वेळा खेळून गेलेली असावीत.

शासनाची जबाबदारी याने संपत नाही. २००९ च्या कायद्यातील तो शब्द बदलावा यासाठी बोलत राहणे, हे आपल्यासारख्या शिकलेल्यांचे काम आहे. कारण ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे, त्यांना अजून बोलताही येत नाही. पण बोर्डीच्या अंगणात कुणी कायद्याची वाट पाहिली नव्हती.

हा लेख संपवून मी उठले तेव्हा बुडैलच्या त्या बाई कामाला आल्या होत्या. मुलगा सोबत होता. अंगणवाडी आज बंद, असे त्या म्हणाल्या. नातही ताप आल्याने घरीच होती. दुपारी दोघांना जमिनीवर बसवून मी त्यांच्यापुढे राजम्याचे दाणे ओतले. चिंचोके इथे कुठून मिळणार! दोघांनी मिळून दाण्यांची लांबच लांब आगगाडी केली. दहापर्यंत मोजले त्या मुलानेच. कुणी शिकवले, असे मी विचारले. त्याने आपल्या अंगणवाडीच्या मॅडमचे नाव घेतले.